माईकची परीक्षा

१५ ऑगस्टचे झेंडावंदन असो, गणपतीतील वक्तृत्व स्पर्धा असो की गावातले लग्न असो, कार्यक्रमाची सुरुवात कशाने होते? स्वागतगीताने? मुळीच नाही. ती होते "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री" या मंत्राने. त्याआधी माईकच्या डोक्यावर दोन टिचक्या बसतात आणि कर्ण्यातून "टक् टक्" ऐकू येते. तेवढ्याने समाधान झाले नाही, तर कोणीतरी माईकमध्ये जोराची फुंकर मारतो. माईक पास झाला असे सर्वांनी मानले, की पाहुणे बोलायला उभे राहतात. आणि मग? पहिल्याच वाक्याला कर्कश शीळ वाजते, नाहीतर प्रत्येक "प" आणि "भ" ला बंदुकीचे बार निघावेत तसे धाडधाड आवाज येऊ लागतात. परीक्षेत पास झालेला माईक प्रत्यक्ष कामात नापास होतो!

असे का होते? कारण प्रत्येक चाचणी म्हणजे एक प्रश्न असतो, आणि जो प्रश्न विचारला त्याचेच उत्तर मिळते. वजनकाट्यावर उभे राहून ताप आहे की नाही ते कळत नाही. टिचकी, फुंकर आणि "वन-टू-थ्री" या तिन्ही चाचण्या माईकला नेमके कोणते प्रश्न विचारतात आणि कोणते विचारायचे राहून जातात, ते आज आपण पाहू. हा विषय केवळ सभा-समारंभापुरता नाही. आता मोबाइलवर किंवा संगणकावर कोणालाही आवाज नोंदवून ठेवता येतो. सभेत बिघडलेले वाक्य पुन्हा बोलता येते, नोंदवून ठेवलेल्या आवाजाला मात्र ती सोय नसते.

माईक काय करतो?

आपण बोलतो तेव्हा हवेचा दाब अगदी किंचित कमी-जास्त होत राहतो. हा बदल किती लहान असतो याची कल्पना करा. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल. साध्या बोलण्याने एक मीटर अंतरावर होणारा दाबातील बदल सुमारे ०.०२ पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा पन्नास लाखावा भाग! एवढा सूक्ष्म बदल टिपायचा आणि त्याचे हुबेहूब विद्युत्‌संकेतात रूपांतर करायचे, हे माईकचे काम.

सभेत वापरला जाणारा माईक बहुधा चलकुंडल पद्धतीचा असतो. त्यात एक पातळ पडदा असतो, पडद्याला तांब्याच्या बारीक तारेचे कुंडल चिकटवलेले असते आणि ते कुंडल चुंबकाच्या फटीत लोंबकळत असते. दाबातील बदलामुळे पडदा हलतो, त्याबरोबर कुंडल चुंबकीय क्षेत्रात पुढेमागे होते आणि तारेत विद्युत्‌दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा विद्युत्‌दाब व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा, म्हणजे मिलिव्होल्टच्या घरात असतो. विवर्धक, म्हणजेच अँप्लिफायर, तो हजारो पटींनी वाढवून कर्ण्याला देतो.

मोबाइलमधील माईक निराळा. त्यात एक मिलिमीटरच्या आसपास आकाराचा सिलिकॉनचा पडदा असतो. हा पडदा आणि त्याच्यामागची स्थिर पट्टी मिळून एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, तयार होतो. पडदा हलला की दोहोंतील अंतर बदलते, त्यामुळे धारिता बदलते, आणि तेवढ्यावरून संकेत मिळतो. धारित्राच्या तत्त्वावरचा माईक ई. सी. वेंट या अमेरिकन संशोधकाने १९१६ मध्ये तयार केला. पुढे १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी कायम विद्युत्‌भारित राहणाऱ्या पडद्याचा, म्हणजे इलेक्ट्रेट माईक बनवला. तो स्वस्त आणि चिमुकला असल्याने टेपरेकॉर्डर व टेलिफोनमध्ये सर्वत्र पसरला.

टिचकीने काय कळते?

माईकला टिचकी मारली की त्याचे धातूचे डोके हादरते आणि तो हादरा पडद्यापर्यंत जातो. कर्ण्यातून "टक्" आले म्हणजे तार तुटलेली नाही, बटण चालू आहे आणि विवर्धकाला वीज मिळते आहे. बस, इतकेच! हवेतून आलेला आवाज माईक नीट घेतो का, आवाज खूप मोठा आहे की लहान, बारीक वर्ण स्पष्ट ऐकू येतात की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर टिचकी देत नाही. उलट त्या अचानक धक्क्याचे विवर्धन होऊन कर्ण्याच्या कुंडलालाही जोराचा धक्का बसतो.

गंमत अशी, की टिचकीला एके काळी खरोखर अर्थ होता. १८७७-७८ च्या सुमारास एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज यांच्या प्रयत्नांतून कार्बनचा माईक पुढे आला. त्याच्या नंतरच्या रूपात एका डबीत कार्बनचे बारीक कण भरलेले असत. पडदा दाबला गेला की कण जवळ येत, त्यांचा विद्युत्‌रोध कमी होई आणि प्रवाह वाढे. जुन्या काळ्या टेलिफोनमध्ये हेच माईक अनेक दशके होते. कालांतराने हे कण एकमेकांना घट्ट बसत आणि आवाज मंद होई. अशा वेळी टेलिफोनचा बोलण्याचा भाग टिचकीने हलवला, की कण पुन्हा मोकळे होत! म्हणजे टिचकी हे कार्बनच्या माईकवरचे औषध होते. आजच्या माईकला तो आजारच नाही. तेव्हा औषधाचे कारणही उरलेले नाही.

फुंकरीचे गणित

आता फुंकरीकडे वळू. येथे थोडे गणित करून पाहा. v वेगाने येणारी हवा एखाद्या पृष्ठभागावर अडली, तर तेथे अर्धा × घनता × वेगाचा वर्ग एवढा दाब पडतो. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम आहे. फुंकरीचा वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर

दाब = ०.५ × १.२ × १० × १० = ६० पास्कल.

ओठांपासून पाच सेंटिमीटरवर माईक धरून साधे बोलल्यास दाबातील बदल सुमारे ०.४ पास्कल असतो. म्हणजे फुंकरीचा दाब बोलण्याच्या दीडशेपट! जाळी आणि तिच्या आतला स्पंज यांमुळे त्यातला बराचसा जोर कमी होतो हे खरे, आणि सभेतला चलकुंडल माईक तसा दणकट असतो. पण सर्वच माईक तसे नसतात. काही ध्वनिमुद्रणगृहांत फीत-माईक वापरतात. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची फीत केवळ काही मायक्रॉन जाडीची असते. एका फुंकरीने ती ताणली जाऊन कायमची निकामी होऊ शकते. शिवाय फुंकरीबरोबर बाष्प आणि थुंकीचे तुषारही आत जातात.

नुकसान बाजूला ठेवले, तरी मूळ प्रश्न उरतोच. फुंकर म्हणजे आवाज नव्हे. तो वारा आहे. वाऱ्याची परीक्षा घेऊन आवाजाचा निकाल कसा लावणार?

"वन-टू-थ्री" आणि आपली वर्णमाला

तिसरी चाचणी निदान आवाजाची तरी आहे. पण ती पुरेशी आहे का? यासाठी आपल्या व्याकरणाच्या पुस्तकाकडे जाऊ. आपल्या वर्णमालेची मांडणी ध्वनी तोंडात कोठे आणि कसा निर्माण होतो यावरून केलेली आहे. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. त्यांसाठी दोन्ही ओठ मिटतात. ख, घ, थ, ध, फ, भ यांसारखे वर्ण महाप्राण. "प्राण" म्हणजे येथे श्वास. या वर्णांच्या वेळी जास्त हवा बाहेर पडते. श, ष, स हे ऊष्मे. त्यांच्या वेळी हवा अरुंद फटीतून घासत जाते.

तळहात ओठांपासून चार बोटांवर धरा आणि "मामा" म्हणा. हाताला काही जाणवणार नाही. आता "फळा", "भाकरी" म्हणा. हवेचा झोत स्पष्ट जाणवेल. हाच झोत माईकच्या पडद्यावर आदळला की कर्ण्यातून "धाड" असा आवाज निघतो. माईकची खरी कसोटी घेणारा वर्ग तो हा.

आता "हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, थ्री" हे शब्द तपासा. त्यात प, फ, ब, भ यांपैकी एकही वर्ण नाही! म्हणजे अभ्यासक्रमातला सर्वांत अवघड धडाच प्रश्नपत्रिकेत आला नाही. ऊष्म्यांपैकी "टेस्टिंग" मधला एकुलता एक "स" आहे, आणि तोही घाईत पुसट होतो.

ऊष्मे महत्त्वाचे का? स्वरांची मुख्य शक्ती साधारणपणे काही शे ते दोन-तीन हजार हर्ट्झ वारंवारतेत असते. "स" ची शक्ती मात्र चार हजार हर्ट्झच्या वरच्या भागात असते. जुन्या तारेच्या टेलिफोनवरून सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. म्हणूनच त्यावर "स" आणि "फ" यांची गल्लत होई आणि नाव सांगताना "समईतला स" असे म्हणावे लागे. माईकवर धूळ साचली असेल, तो कापडात गुंडाळला असेल किंवा बोलणारा बाजूला वळून बोलत असेल, तर आधी बळी जातात ते हेच ऊष्मे. "वन-टू-थ्री" मात्र तरीही ठणठणीत ऐकू येते!

म्हणून चाचणीचे वाक्य असे हवे, की ज्यात दोन्ही अवघड वर्ग भरपूर असतील. उदाहरणार्थ, हे म्हणून पाहा: "भल्या पहाटे पैनगंगेच्या पाण्यात फुले सोडली; सशाने सावकाश शेंग सोलली." अर्थ फारसा नाही, पण परीक्षा कडक आहे. पहिल्या अर्ध्या वाक्यात धाडधाड झाली तर माईक तोंडासमोरून थोडा बाजूला, तिरका धरा. हवेचा झोत सरळ जातो, ध्वनी मात्र सर्व दिशांना पसरतो. त्यामुळे माईक बाजूला घेतला की झोत चुकतो, पण आवाज चुकत नाही. दुसऱ्या अर्ध्या वाक्यात शब्द पुसट वाटले, तर माईकची जाळी तपासा आणि बोलणाऱ्याचे तोंड माईककडे आहे का ते पाहा.

शीळ का वाजते?

माईकने घेतलेला आवाज कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडतो. त्यातला काही भाग पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर येतो. हे चक्र चक्रवाढ व्याजासारखे आहे. समजा, कर्णा माईकपासून सुमारे सात मीटरवर आहे. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला, तर एका फेरीला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. म्हणजे सेकंदात पन्नास फेऱ्या. प्रत्येक फेरीत आवाज १.१ पट झाला, तर पन्नास फेऱ्यांनंतर तो सुमारे ११७ पट होतो. तोच प्रत्येक फेरीत ०.९ पट झाला, तर एका सेकंदात सुमारे दोनशेवा भागच उरतो. पाहा, १.१ आणि ०.९ यांत फरक तो किती, पण एकात कानठळ्या बसवणारी शीळ आणि दुसऱ्यात शांतता! ज्या वारंवारतेला ही वाढ सर्वांत जास्त मिळते, ती शीळ होऊन ऐकू येते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन परिणाम म्हणतात.

येथेही एक सवय आड येते. शीळ वाजली की बोलणारा घाबरून माईकचे डोके मुठीत धरतो आणि शीळ आणखी वाढते. का? सभेतले बरेच माईक समोरचा आवाज जास्त आणि मागचा कमी घेतात. हे साधण्यासाठी त्यांच्या पडद्यामागे मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात. मागून येणारा ध्वनी त्या छिद्रांतून पडद्याच्या दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि दोन्ही दाब एकमेकांना मारतात. मुठीने ही छिद्रे बंद केली, की माईक सर्व बाजूंनी ऐकू लागतो, कर्ण्याकडूनही. तेव्हा माईक दांड्याला धरावा, कर्णे माईकच्या पुढे ठेवावेत आणि तोंड माईकच्या जवळ न्यावे. तोंड पाच सेंटिमीटरऐवजी पन्नास सेंटिमीटरवर असेल, तर ध्वनीचा दाब एक दशांश होतो. तो भरून काढायला विवर्धन दहापट करावे लागते आणि शीळ दहापट जवळ येते.

आवाजाचे आकडे

येथपर्यंत सभेतल्या माईकची गोष्ट झाली. आता माईक संगणकाला जोडू. संगणकाला आकड्यांखेरीज काही समजत नाही. म्हणून तो माईककडून येणारा विद्युत्‌दाब ठरावीक काळाने मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. सेकंदातून किती वेळा मोजावे? हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या विचारांतून नियम मिळतो: जी सर्वाधिक वारंवारता टिकवायची, तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजा. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. म्हणून १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे हे प्रमाण ठरले.

प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळे आकडे बसतात: उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. एका मिनिटाच्या आवाजाला ४४,१०० × २ × ६० = ५२,९२,००० बाइट, म्हणजे जवळजवळ पाच मेगाबाइट जागा लागते.

हे आकडे पाहण्यासाठी आणि सुधारण्यासाठी जी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांपैकी ऑडॅसिटी हे शाळांना सोयीचे आहे, कारण ते मोफत आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्यात बोललेला शब्द पडद्यावर लहरीच्या चित्रासारखा दिसतो. "स" म्हणजे दाट गवत, "आ" म्हणजे ठरावीक अंतराने येणारी शिखरे, आणि "भ" चा झोत म्हणजे एकदम उठलेला डोंगर. जे आतापर्यंत फक्त कानाला कळत होते, ते डोळ्यांना दिसू लागते.

छाटलेली शिखरे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येऊ. समजा, गाणाऱ्याने जोराची तान घेतली आणि त्या क्षणी आकडा ४०,००० यायला हवा होता. पण सर्वांत मोठा आकडा तर ३२,७६७! संगणक तेवढाच लिहितो. पुढच्या क्षणी ५०,००० यायला हवा होता. तेथेही ३२,७६७ च. लहरीचे टोकदार शिखर जाऊन सपाट पठार तयार होते. कानाला हा आवाज फाटल्यासारखा लागतो, कारण सपाट शिखरांमुळे मूळ आवाजात नसलेल्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारता त्यात मिसळतात.

हे नंतर दुरुस्त करता येईल का? पावसाळ्यात पर्जन्यमापकाचे भांडे काठोकाठ भरून वाहू लागले, तर किमान एवढा पाऊस पडला हे कळते. नेमका किती पडला हे सांगता येत नाही. तसेच हे आहे. ४०,००० आणि ५०,००० या दोहोंच्या जागी एकच आकडा लिहिला गेला. आता कोणता कोठे होता हे कोण सांगणार? सॉफ्टवेअरमध्ये शिखरे भरून काढण्याची सोय असते, पण ती अंदाजाने भरते. गेलेली माहिती परत येत नाही.

याउलट आवाज थोडा लहान नोंदवला गेला, तर नंतर तो वाढवता येतो. त्याबरोबर खरखरही वाढते, पण १६ बिटांत एवढी जागा असते, की सर्वांत मोठा आवाज कमाल आकड्याच्या एक चतुर्थांश असला तरी उरलेली प्रत जुन्या कॅसेटपेक्षा चांगली असते. म्हणजे दोन्ही चुका सारख्या नाहीत: लहान आवाज सुधारता येतो, फाटलेला नाही.

सॉफ्टवेअरच्या मापकावर शून्य डेसिबेल म्हणजे कमाल आकडा. त्यामुळे बाकी सर्व आकडे उणे असतात. उणे ६ म्हणजे कमालीच्या निम्मे, उणे १२ म्हणजे पाव. सर्वांत जोराचा आवाज उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहील असे ठेवले, म्हणजे वर मोकळी जागा उरते. ती आवश्यक असते, कारण माणूस चाचणीच्या वेळी लाजत, हळू बोलतो आणि प्रत्यक्षात रंगात आला की आवाज सहज दुप्पट-चौपट होतो. म्हणूनच चाचणी हळू आवाजात कधीच घेऊ नये. "सर्वांत वरची ओळ म्हणा," असेच सांगावे.

मेणाची तबकडी

ही काळजी नवी नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मुद्रणासाठी विजेचा माईक वापरत नसत. विजेवरचे मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. गायिका एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि तिच्या आवाजाच्या जोरानेच सुई मेणाच्या तबकडीवर खोबण कोरीत असे. चाचणी घ्यायची, तर मेण वाजवून पाहावे लागे, आणि वाजवले की ती तबकडी बाद होई! चाचणीची किंमत मोजावी लागत होती, म्हणून ती विचारपूर्वक घेतली जाई.

गाण्याच्या शेवटी गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या दाबून काढण्याचे काम जर्मनीत हॅनोव्हर येथे होत असे, आणि तेथल्या कामगारांना लेबलावर कोणाचे नाव घालायचे हे त्यावरून कळे. पहा, तेही ठरावीक शब्द, आणि "वन-टू-थ्री" हेही ठरावीक शब्द. पण त्या शब्दांत माहिती होती!

किनवटचे आवाज

आता आमच्या किनवटकडे पाहू. पैनगंगेकाठचा हा सागवानी जंगलाचा तालुका. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेड जिल्ह्यात आला. येथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगू आणि बंजारा समाजाची गोरमाटी कानावर पडते. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा. त्यांतील बहुतेक गाणी आणि गोष्टी कागदावर नाहीत, म्हाताऱ्या माणसांच्या ओठांवर आहेत. आजी गेली की तिच्याबरोबर तिची गाणी जातात.

असे आवाज जपण्याचे काम महाराष्ट्रात झाले आहे. पुण्यात राहून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. मराठवाड्यातील माजलगावच्या ओव्याही त्यांत आहेत. त्यांतल्या अनेकींचे मुद्रण झाले म्हणूनच त्या आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्याच्याही फार पूर्वी, १९१३ ते १९२९ या काळात, ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणासाठी भारतीय भाषांच्या तबकड्या काढल्या गेल्या. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्यांकडून उधळ्या मुलाची एकच गोष्ट वदवून घेतली होती. मजकूर तोच ठेवला की भाषांची तुलना करता येते. चाचणीचे वाक्य नेहमी एकच ठेवावे, ते याच कारणाने. वाक्य बदलले, तर फरक माईकचा की वाक्याचा, हे कसे कळणार?

तुमच्या हातातल्या मोबाइलने असे काम तुम्हीही करू शकता. मात्र आजी एखादे गाणे शेवटचेच म्हणत असेल आणि त्याची शिखरे छाटली गेली, तर ते पुन्हा नोंदवता येणार नाही. म्हणून मुद्रणापूर्वी पुढील क्रम पाळा.

१. ज्यांचा आवाज घ्यायचा त्यांची परवानगी घ्या. का घेत आहोत आणि कोण ऐकणार आहे ते सांगा.

२. पंखा, मोटार, दूरदर्शन बंद करा. मग कोणीही न बोलता दहा सेकंद खोलीची शांतता नोंदवा. त्यात ५० किंवा १०० हर्ट्झची विजेची गुणगुण, दूरची गिरणी हे सर्व सापडेल. ऑडॅसिटीला हा तुकडा दाखवला, की त्यावरून ओळखून ते पुढच्या मुद्रणातील खरखर कमी करू शकते.

३. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवा. मोबाइल हातात न धरता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचा हादरा जाणार नाही.

४. चाचणी बोलणाऱ्याच्याच आवाजात घ्या, तुमच्या नव्हे. गाणे असेल तर त्याची सर्वांत उंच ओळ आधी म्हणून घ्या. ढोल असेल तर सर्वांत जोराची थाप घ्या.

५. घेतलेला तुकडा कानाला लावून ऐका आणि लहर पडद्यावर पाहा. शिखरे सपाट दिसली तर माईक दूर न्या किंवा आवाजाची पातळी कमी करा, आणि पुन्हा चाचणी घ्या.

६. प्रत्यक्ष मुद्रणाच्या आरंभी "वन-टू-थ्री" ऐवजी हे बोला: आज कोणती तारीख, कोणते गाव, कोणती भाषा, कोण गात आहे. पन्नास वर्षांनी हे मुद्रण कोणाच्या हाती पडले, तर त्याला एवढ्यावरून सर्व कळेल.

करून पाहा

१. पातळ कागदाची पट्टी तोंडासमोर टांगती धरा आणि प, फ, ब, भ, म हे वर्ण एकाच जोराने म्हणा. कोणत्या वर्णाला पट्टी सर्वांत जास्त उडते? उत्तर वर्णमालेतील अल्पप्राण-महाप्राण विभागणीशी ताडून पाहा.

२. मोठ्या बांगडीवर जुन्या पातळ मोज्याचे कापड ताणून बसवा. ती तोंड आणि माईक यांच्यामध्ये धरून "भाकरी" म्हणा, मग बांगडी काढून पुन्हा म्हणा. दोन्ही लहरींची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

३. शाळेच्या संगणकाला माईकसाठी वेगळे छिद्र असेल, तर त्यात कानाला लावायचा साधा इअरफोन जोडा आणि त्यात बोला. आवाज नोंदवला जाईल! चलकुंडल माईक आणि इअरफोन यांची रचना एकच, फक्त काम उलटे आहे, हे त्यावरून पटेल.

४. एकच वाक्य तीन पातळ्यांवर नोंदवा: फार लहान, योग्य आणि फार मोठी. मग सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तिन्हींचा आवाज सारखा करा. कोणते सुधारले आणि कोणते सुधारले नाही, ते वहीत लिहा आणि कारण आपल्या शिक्षकांना सांगा.